नवा संगणक वळवात बंद पडतो, जुना थंडीत सुरू होत नाही: एका वारंवार येणाऱ्या तक्रारीचे निदान

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांचे संगणक दुरुस्त करताना "पूर्वीचा माल दणकट होता, नव्यात काही राम नाही" हे वाक्य मला जवळजवळ दर आठवड्याला ऐकावे लागते. बोलणाऱ्याचा अनुभव खरा असतो, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीच्या दुरुस्तीकडे नेतो. एका दुकानात सलग तीन वर्षे हेच घडले. तिथले निदान अखेर कसे झाले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हीच तक्रार गणपती पेठेतील किराणा व्यापाऱ्यांपासून कुपवाडच्या कारखान्यांतील कार्यालयांपर्यंत अनेकांची आहे.

या दुकानात दोन संगणक शेजारी-शेजारी आहेत. पहिला २००४ साली घेतलेला पेंटियम ४, ज्यावर विंडोज एक्सपी आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशेब) काढण्याची जुनी डॉस प्रणाली चालते. त्याला ९ पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला आहे, कारण पट्टीच्या कार्बन प्रती एकाच ठोक्यात निघणे ही तिथली गरज आहे. दुसरा २०२१ सालचा, लहान कॅबिनेटचा आणि एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी चिपवर साठवण) असलेला संगणक जीएसटी आणि बँकेच्या कामासाठी घेतला आहे. दोन्ही संगणक एकाच इन्व्हर्टरवर चालतात. तक्रार अशी होती की नवा संगणक काम चालू असताना मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि त्याच क्षणी शेजारचा सतरा वर्षांनी जुना संगणक निर्धास्त चालू असतो. मालकांच्या दृष्टीने यापेक्षा वेगळा पुरावा नकोच होता.

पहिल्या वर्षी कोणीतरी नव्या संगणकाची रॅम बदलली आणि तो बरा झाला. दुसऱ्या वर्षी तक्रार परत आली, तेव्हा विंडोज नव्याने घातले आणि तो पुन्हा बरा झाला. तिसऱ्या वर्षी वॉरंटीत मदरबोर्ड बदलून मिळाला आणि तेव्हाही तो बराच झाला. तीन वेगवेगळ्या दुरुस्त्यांनी एकच आजार बरा होत असेल, तर त्यांपैकी एकाही दुरुस्तीने तो बरा झालेला नाही, असे समजणे जास्त सुरक्षित असते. मी काहीही न उघडता दिवाणजींना एक साधी वही दिली आणि प्रत्येक वेळी तारीख, वेळ, कोणते काम चालू होते आणि दिवे लुकलुकले का, एवढेच लिहायला सांगितले. त्यांनी ती वही खतावणीइतक्याच काटेकोरपणे ठेवली, हे आवर्जून नोंदवले पाहिजे, कारण पुढचे सगळे निदान त्या वहीवरच उभे आहे.

मार्चच्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत वहीत नऊ नोंदी झाल्या आणि त्यांतील सात दुपारी तीननंतरच्या होत्या. सांगलीत राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ती वळवाची वेळ आहे. वारा सुटतो, तारा हलतात, वीज क्षणभर जाऊन परत येते आणि कधीकधी इतकी कमी वेळ जाते की पंख्याचा वेगही कमी झालेला जाणवत नाही. पाऊस स्थिरावला की हे प्रकार कमी होतात. आधीच्या तिन्ही दुरुस्त्या जूनमध्ये, म्हणजे वळवाचा काळ सरत असताना झालेल्या होत्या, आणि त्यांचे यश खरे तर ऋतू बदलल्याचे यश होते.

वहीची खातरजमा संगणकातूनच करता येते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टीम' या भागात कर्नल-पॉवर नावाची ४१ क्रमांकाची नोंद शोधावी. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढाच त्या नोंदीचा अर्थ असतो. मात्र तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' (विंडोज कोसळल्याच्या कारणाचा क्रमांक) शून्य असेल आणि निळ्या पडद्याचा मागमूस नसेल, तर दोष रॅम किंवा विंडोजमध्ये असण्यापेक्षा वीज तुटण्यात असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. या संगणकात नऊही नोंदींचे कोड शून्य होते आणि वेळा वहीशी मिनिटामिनिटाने जुळत होत्या.

यानंतर प्रश्न उरतो की इन्व्हर्टर असताना वीज तुटलीच कशी आणि तुटली तर ती जुन्या संगणकाला का जाणवली नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. एसएमपीएसमधला (संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यातला) मोठा कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, वीज गेल्यावरही काही काळ संगणकाला धरून ठेवतो, आणि एटीएक्स पद्धतीच्या एसएमपीएसकडून हा काळ पूर्ण भारावर सुमारे १६ ते १७ मिलिसेकंद असावा अशी अपेक्षा असते. भार कमी असेल तर तो वाढतो. वाहिनीवरून (बाहेरून येणाऱ्या विजेवरून) बॅटरीवर जायला घरगुती इन्व्हर्टरला लागणारा वेळ त्याच्या मागच्या बाजूच्या एका छोट्या बटणावर अवलंबून असतो. एका बाजूला 'यूपीएस' आणि दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल', 'इको' किंवा 'वाइड' असे लिहिलेले असते. यूपीएस बाजूला हा वेळ साधारण एका आवर्तनापेक्षा कमी राहतो, तर दुसऱ्या बाजूला तो त्याच्या काही पट असू शकतो, कारण ती बाजू पंखे आणि दिव्यांसाठी असते आणि पंख्याला अशा खंडाने काहीही फरक पडत नाही. या दुकानातले बटण इन्व्हर्टर बसवल्या दिवसापासून 'नॉर्मल'वर होते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते नव्या सामग्रीच्या चांगुलपणातूनच आलेले आहे. जुने एसएमपीएस वाहिनीच्या लाटेच्या (प्रत्येक आवर्तनातील दाबाच्या चढ-उताराच्या) फक्त शिखरावर झटक्याने वीज ओढून घेत, आणि लाटेचा आकार कसा आहे याची त्यांना फारशी फिकीर नसे. अशा ओढीने वीजजाळ्यात दोष निर्माण होतात, म्हणून युरोपातील नियम आणि २००४ साली सुरू झालेली '८० प्लस' ही कार्यक्षमतेची प्रमाणन योजना यांच्यामुळे 'ॲक्टिव्ह पीएफसी' (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारी रचना) असलेले एसएमपीएस रूढ झाले. हे एसएमपीएस लाटेच्या आकाराबरहुकूम वीज ओढतात. वाहिनीची शुद्ध लाट मिळते तोवर ते जुन्यांपेक्षा सरस असतात. अनेकांवर १०० ते २४० व्होल्ट अशी पूर्ण मर्यादा छापलेली असते, त्यामुळे दाब १७० व्होल्टपर्यंत उतरला तरी ते काम करत राहतात, जे जुन्या एसएमपीएसला सहसा जमत नाही. परंतु स्वस्त इन्व्हर्टर बॅटरीवर गेल्यावर चौकोनी किंवा पायऱ्यापायऱ्यांची लाट देतो, आणि त्या क्षणी पीएफसीचे नियंत्रण गोंधळू शकते. मग कधी एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, तर कधी त्याच्या एकदम ओढलेल्या प्रवाहाने इन्व्हर्टरवर ओव्हरलोडचा दिवा लागतो.

या दोन कारणांपैकी आपल्याकडे कोणते आहे, हे घरीच तपासता येते. नवा संगणक सुरू करून बायॉसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ मांडणीच्या) पडद्यावर थांबवावा, कारण तिथे एसएसडीवर काहीही लिहिले जात नसते आणि मध्येच वीज गेली तरी हिशेबाला धोका पोहोचत नाही. त्यानंतर इन्व्हर्टरला येणारी वीज मुख्य बटणावरून दहा वेळा बंद-चालू करावी. संगणक फक्त बदलाच्या क्षणी बंद पडत असेल आणि नंतर इन्व्हर्टरवर व्यवस्थित सुरू होऊन टिकत असेल, तर दोष वेळेचा आहे. तो इन्व्हर्टरवर मुळातच टिकत नसेल, गुणगुणत असेल किंवा पुन्हापुन्हा सुरू होऊन बंद होत असेल, तर दोष लाटेचा आहे. ही तपासणी करण्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग आणि न्यूट्रल पाहून घ्यावे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट एवढे मल्टिमीटरवर दिसले पाहिजे. यार्डातील जुन्या गाळ्यांत सैल न्यूट्रल इतका सर्रास आढळतो की मी आता बॅगेतून पेचकस काढण्याआधी मल्टिमीटर काढतो.

या दुकानात बटण 'यूपीएस'वर नेल्यावर दहापैकी बंद पडण्याच्या वेळा सातवरून दोनवर आल्या. शून्यावर आल्या नाहीत, म्हणजे दोन्ही कारणे एकत्र होती. उरलेला दोष शुद्ध साइन लाट देणारा लहान लाइन-इंटरॅक्टिव्ह (दाब कमी-जास्त झाल्यास सावरणारा) यूपीएस फक्त नव्या संगणकासाठी बसवल्यावर गेला. रॅम, विंडोज आणि मदरबोर्ड यांपैकी एकही गोष्ट मुळात बदलायची नव्हती.

इथवर वाचून जुना संगणकच बरा असे कोणी ठरवणार असेल, तर त्याने वहीची पुढची पाने पाहावीत. मालकांना मी वही बंद करू दिली नाही. डिसेंबर उजाडला, सकाळचा गारठा वाढला आणि आता नोंदी जुन्या संगणकाच्या येऊ लागल्या. बटण दाबले की पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो. तीन-चार वेळा बंद-चालू केल्यावर तो सुरू होतो आणि मग दिवसभर उत्तम चालतो. दिवाणजींनी सांगितले की हे दर हिवाळ्यात होते, त्याची त्यांना सवय झाली आहे आणि म्हणून कोणी ते तक्रार म्हणून मोजतच नव्हते. माझ्या मते जुन्या यंत्रांच्या टिकाऊपणाविषयीच्या गैरसमजाचे मोठे कारण इथेच आहे. नव्या संगणकाने एकदा दगा दिला तर त्याची तक्रार होते आणि जुन्या संगणकाच्या खोड्यांना आपण सांभाळून घेतो.

थंडीतच अडणाऱ्या आणि तापल्यावर चालणाऱ्या संगणकात पहिला संशय इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवर घ्यावा. त्यांच्यातला द्रव जुना होऊन सुकत गेला की अंतर्गत रोध वाढतो, थंडीत तो आणखी वाढतो आणि प्रोसेसरला मिळणारा दाब स्थिर राहत नाही. दोन-तीन प्रयत्नांत कॅपॅसिटर थोडे तापतात आणि काम सुरू होते. केस वाळवण्याच्या यंत्राने मदरबोर्डच्या त्या भागाला दुरून मिनिटभर ऊब दिल्यावर संगणक पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला, तर निदान जवळजवळ पक्के समजावे. डोळ्यांनाही खूण दिसते. प्रोसेसरभोवतीच्या कॅपॅसिटरच्या डब्यांचे फुलीसारखी खाच असलेले माथे सपाट न राहता फुगलेले असतात किंवा तळाशी तपकिरी खरकटे साचलेले असते. या मदरबोर्डवर सहा कॅपॅसिटर फुगलेले होते. साधारण १९९९ ते २००७ या काळातील अनेक मदरबोर्डांवर सदोष द्रवाचे कॅपॅसिटर बसवले गेले होते आणि ते काही वर्षांतच फुटू लागले. तो प्रकार जगभर गाजला आणि त्यानंतर घन पॉलिमरचे कॅपॅसिटर सर्रास वापरले जाऊ लागले. या एका बाबतीत तरी आजचा मदरबोर्ड निर्विवादपणे जास्त टिकाऊ आहे.

या कॅपॅसिटरांचे आयुष्य तापमानावर किती अवलंबून असते, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. त्यांच्यावर '१०५ अंशांला २,००० तास' अशा प्रकारची मर्यादा ठरलेली असते आणि तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे ७५ अंशांवर १६,००० तास, ६५ अंशांवर ३२,००० तास आणि ५५ अंशांवर ६४,००० तास. दुकान दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालते असे धरले, तर वर्षाचे ३,००० तास होतात आणि वीस वर्षांचे ६०,०००. ज्या जुन्या संगणकाचे आपण कौतुक करतो, त्याचे सर्वांत थंड राहिलेले कॅपॅसिटरही आता आयुष्याच्या टोकाला आलेले असतात. याउलट हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पत्रे) धुळीने बुजून आतले तापमान दहा अंशांनी वाढले, तर उरलेले आयुष्य निम्मे होते.

आपल्याकडे ही धूळ साधी नसते. सौद्यांच्या हंगामात हळदीची बारीक भुकटी हवेत सतत असते. हळदीत उडनशील तेलाचा अंश असल्यामुळे असेल, पण ती पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये चिकटून बसते, आणि पावसाळी दमट हवेत तिचा थर गच्च होतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यापूर्वी एकदा संगणक दुकानाबाहेर नेऊन ब्लोअरने साफ करावा आणि त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण जोरात फिरला की त्याचे बेअरिंग बिघडू शकते. प्रोसेसरवरची सुकलेली उष्णतावाहक पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलावी. मोठ्या कॅबिनेटमध्ये हे काम अर्ध्या तासाचे आहे, लहान कॅबिनेटमध्ये ते त्रासाचे होते, आणि पातळ लॅपटॉपमध्ये तर सराव नसलेल्याने ते करूच नये. जुन्या यंत्रांना मी खरोखर जिथे वरचढ मानतो ती हीच बाब आहे. ती उघडता येत, त्यांचा प्रत्येक भाग सुटा मिळे, आणि आत हवा खेळायला जागा होती. आज रॅम आणि साठवण थेट बोर्डावर डाखलेली असेल, तर एका भागाच्या दोषाने पूर्ण बोर्ड जातो.

मात्र एसएमपीएस कोणत्याही काळातला असो, तो स्वतः उघडू नये. त्यातल्या मुख्य कॅपॅसिटरवर वीज काढल्यानंतरही तीनशे व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० लिहिलेले लाल बटण असते, तेही साफसफाई करताना चुकून हलणार नाही याची काळजी घ्यावी.

टिकाऊपणाची तुलना करताना आणखी एक गोष्ट डोळ्याआड होते. २००४ साली या यार्डात आणखी बऱ्याच दुकानांनी संगणक घेतले होते, आणि त्यांतले बहुतेक आज भंगारात गेलेले आहेत. काहींचे मदरबोर्ड गेले, काहींच्या हार्ड डिस्क गेल्या, आणि काही २०१९ च्या महापुरात गेले, जेव्हा आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांच्या धोका पातळीच्या कितीतरी वर पोहोचली होती. आपल्यासमोर जो उरला तो त्यांतला वाचलेला एक आहे. त्या एकट्याची तुलना आपण सगळ्या नव्या संगणकांशी करतो, तेव्हा जुन्या पिढीचे मेलेले संगणक हिशेबातच येत नाहीत. नवी सामग्रीही निर्दोष असते असे नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे २०२४ साली कंपनीने मान्य केले आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर बायॉस अद्ययावत करणे हा पहिला उपाय आहे.

साठवणीच्या बाबतीत मात्र जुन्या किंवा नव्या, कोणाच्याही भरवशावर राहू नये. हार्ड डिस्क बिघडण्याआधी आवाज करते आणि सूचना देते, असा समज आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये स्मार्ट या डिस्कच्या स्वतःच्या तपासणी-व्यवस्थेच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दिसली नव्हती. एसएसडी धक्क्याला घाबरत नाही, पण तिची माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात गोदामात महिनोन्महिने बंद ठेवलेल्या, भरपूर वापरलेल्या एसएसडीवर विसंबणे धोक्याचे आहे. ग्राहकवर्गातील एसएसडीसाठीचे जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेचे मानक हे लेखनक्षमता संपेपर्यंत वापरल्यानंतर ३० अंशांवर एक वर्ष माहिती टिकावी एवढीच अपेक्षा ठेवते. आपले पत्र्याचे गोदाम त्याहून बरेच तापते. रोज संध्याकाळी हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती दुकानाबाहेर, म्हणजे मालकांच्या घरी जावी, एवढी शिस्त पुरते.

या दुकानात शेवटी काय केले तेही सांगतो. जुन्या मदरबोर्डवरचे सहाही कॅपॅसिटर त्याच क्षमतेचे, कमी अंतर्गत रोधाचे आणि १०५ अंशांचे घेऊन बदलले. व्होल्टेज मूळच्या इतके किंवा त्याहून जास्त असावे, कमी चालत नाही. तारीख मागे जाऊ नये म्हणून नाण्याएवढा २०३२ क्रमांकाचा सेल बदलला, रॅमच्या पट्ट्या खोडरबरने हलकेच पुसून पुन्हा बसवल्या, आणि थंडीतली तक्रार थांबली. तरीही तो संगणक आणखी दहा वर्षे चालेल असे आश्वासन मी दिले नाही. त्याची आयडीई (जुन्या प्रकारच्या जोडणीची) डिस्क वीस वर्षांची आहे आणि तशी नवी डिस्क बाजारात मिळत नाही. विंडोज एक्सपीचे अद्ययावतीकरण ८ एप्रिल २०१४ रोजीच बंद झाले असल्याने तो इंटरनेटला जोडता येत नाही. म्हणून त्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा काढून ती नव्या संगणकावर आभासी यंत्रात (संगणकातच दुसऱ्या संगणकासारखे वागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालवली. ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसची १६ बिटांची प्रणाली थेट चालत नाही, पण आभासी यंत्रातल्या एक्सपीवर ती पूर्वीसारखीच चालते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबी वायरने जोडल्यावर डॉसची प्रणाली मात्र त्याला ओळखेना, कारण तिला थेट एलपीटी१ (जुन्या प्रिंटरच्या जोडणीचे नाव) हेच दार माहीत आहे. प्रिंटर सामायिक करून एक्सपीमधल्या 'नेट यूज' या आज्ञेने त्या दाराशी जोडून दिल्यावर पट्टी निघाली.

पहिल्या पट्टीत वजनाचा रकाना एका अक्षराने सरकला होता, तो प्रिंटरच्या मांडणीत दुरुस्त केला आहे. या हंगामाचे सौदे संपेपर्यंत दोन्ही संगणकांवर तीच पट्टी काढून ताडून पाहायची, आणि त्यानंतर जुना संगणक महिन्यातून एकदा तासभर चालू करून राखीव ठेवायचा, असे मालकांशी ठरले आहे. वही दिवाणजींकडेच आहे.